उष्टा घोट

स्पेनच्या डोंगरांतली आमची पायी सहल दुपारच्या जेवणाला एका अक्रोडाच्या झाडाखाली थांबली. गाइड मार्ताने पावाला टोमॅटो चोळला, चीज कापलं आणि लांब चोचीचं काचेचं भांडं फिरवलं. त्यातली वाइन तोंड न लावता, वरून धार सोडून प्यायची, ही तिकडची रीत. बाकीच्यांचे शर्ट लाल झाले.

सकाळपासून चढावर मागे पडून ओशाळलेल्या माझ्या बायकोने, सुधाने, भांडं उचललं. वाइन तिने जन्मात चाखली नव्हती, पण तांब्यातून वरून पाणी पिण्यात साठ वर्षं गेलेली. एक थेंब सांडला नाही. मार्ताने टाळ्या वाजवल्या.

उष्टं होऊ नये म्हणून लागलेली ही सवय. आमच्या घरी त्यापायी किती जणांना दुरूनच पाणी मिळालं, ते आठवून मला कसंसंच झालं. इथे मात्र एकाच भांड्याभोवती दहा अनोळखी माणसं जवळ जवळ बसली होती.

मानेच्या दुखण्यामुळे माझी मान वर होत नाही, त्यामुळे वरून धार पिणं मला जमणार नव्हतं. सुधाने थर्मासच्या झाकणात वाइन ओतली. "अहो, बरी लागते," म्हणाली, झाकणाला तोंड लावून अजून एक घोट घेतला आणि तेच झाकण माझ्या हातात दिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला आपलं उष्टं कधी दिलं नव्हतं.