चावीबाईचं तळं

सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात सगळ्यात शेवटी एक तळं आहे आणि ते सतरा वर्षं माझी आत्या सांभाळते. तळ्यातलं पाणी सोडायची कमरेइतकी लांब लोखंडी चावी कायम तिच्या खांद्यावर, म्हणून तिचं नाव चावीबाई. वासाला कुणी नाक मुरडलं तर म्हणते, "तुमचंच आहे बाबा, मी फक्त निस्तरते."

बांधणाऱ्याच्या चुकीने तळ्याचा तळ एका अंगाला उताराने वर आलाय. त्या चुकीवर आत्याचा भारी जीव. काठावरच्या ओल्या चिखलात धोबी पक्षी शेपटी उडवत माश्या टिपतो. बोटभर पाण्यात तुतारी चिखलात चोच खुपसते. वीतभर पाण्यात लाल काटकुळ्या पायांचा शेकाट्या, त्याच्या पुढे बगळा, मधल्या खोल पाण्यात बदकं.

"भांडत कसे नाहीत गं?" मी एकदा विचारलं.

"कशाला भांडतील? एकाच्या ताटापर्यंत दुसऱ्याची चोचच पोचत नाही."

मग आले नवे साहेब. अंगावरच्या शर्टासारखं त्यांचं बोलणंही इस्त्रीचं. "हे बघा बाई, तळं कसं हवं? स-पा-ट. स्व-च्छ. ए-का पातळीचं." पाहुणे फोटो काढायला येणार होते, म्हणून त्यांनी पाणी हातभर वाढवायला लावलं. आत्याने वाढवलं. तिसऱ्या दिवशी बदकं तेवढी उरली. साहेब म्हणाले, "सीझन संपला!" आत्याने कुणाला न विचारता पाणी उतरवलं. दोन दिवसांत सगळी मंडळी आपापल्या जागी हजर. ते साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "यो-गा-यो-ग."

पुढच्याच सोमवारी काठावर पोकलेन उभा. तळ्याचा तळ एकसारखा करायचा होता.

"बाई, पाणी सोडा. रिकामं झालं की मशीन आत जाईल."

"नाही सोडणार."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. उतार गेला की काठाकडचे तिघे उपाशी."

"अहो, पाणी तर तेवढंच राहणार! पक्ष्यांना काय फरक?"

"साहेब, तुमच्या स्वयंपाकघरातली सगळी कपाटं उद्या छताजवळ टांगते. सामान तेवढंच. तुम्ही जेवाल, मुलं टाचा वर करून बघत बसतील."

पोकलेनवाला फिसकन हसला, आणि साहेबांनी बघितल्यावर खोकायला लागला.

"मी लेखी आदेश देतो!"

"द्या की."

साहेबांनी तिथेच गाडीच्या टपावर कागद ठेवून आदेश लिहिला, सही ठोकली. आत्याने चष्मा पुसला, ओळ न् ओळ वाचली आणि खाली टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'आदेश वाचला. पाणी सोडणार नाही. कारण पाण्यात उभं आहे, येऊन बघावं.' खाली सही, तारीख, वेळसुद्धा.

"नोकरी जाईल बाई!" साहेबांचा आवाज पहिल्यांदाच चुरगळला.

"जाऊ दे. कागद मात्र वरच्या ऑफिसात पाठवा. त्याची एक प्रत मला द्या."

"उद्या दुसरा माणूस आणतो!"

"आणा. चहा मी पाजते त्याला." आत्याने चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "चावी नाही देणार."

पोकलेनवाल्याने इंजिन बंद केलं आणि डबा उघडला.