बारशाच्या कॅसेटचा रंग

थेरगावात, डांगे चौकामागच्या गल्लीत माझं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. आमच्या धंद्यात एक रीत पक्की, नवरीला उजळायचं. कुणी सांगायला लागत नाही. नाही उजळलं, तर मात्र ऐकून घ्यावं लागतं.

मागे मोशीची एक मुलगी आली, सोबत वडील. वडील चाकणच्या कंपनीतून निवृत्त झालेले, मूळचे बीडकडचे. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि हॉलमधल्या मोठ्या पडद्यासाठी तिला छोटी फिल्म हवी होती. आधी आईवडिलांचं लग्न, मग तिचं बारसं, शेवटी तिचं प्री-वेडिंग शूटिंग. आई ती तान्ही असतानाच गेलेली.

"मला ती आठवतच नाही. फोटोत नुसती खाली बघते. तेवढी आई नीट दिसली पाहिजे, दादा," ती म्हणाली. मग हळूच, "आणि मला जरा चांगलं उजळा. रंगावरून स्थळं मोडलीत माझी."

"लग्नाची कॅसेट रंगीत हाय, बारशाची काळी-पांढरी," वडिलांनी आधीच सांगून टाकलं.

बारशाची कॅसेट लावली आणि मला हसूच आलं. चांगली रंगीत होती! आईच्या अमेरिकेतल्या मावसभावाने तिकडून आणलेल्या कॅमेऱ्यावर ती काढली होती. तिकडची टीव्हीची पद्धत वेगळी, आपली वेगळी. त्यामुळे यांच्या घरच्या जुन्या टीव्हीवर चित्र दिसायचं, पण रंग यायचा नाही. या भल्या माणसाने इतकी वर्षं ते बारसं काळं-पांढरंच पाहिलं होतं. माझ्या मशीनवर दोन्ही पद्धती चालतात. पडद्यावर आईची हिरवी साडी उमटली, तसे ते उठून स्क्रीनला नाक लावून उभे राहिले.

"हिरवीच होती. मी सांगत नव्हतो का तुला?" ते मुलीला म्हणाले.

पुढचं काम माझं. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस चित्रं, तिकडे तीस; जसंच्या तसं जोडलं, तर पाळणा अडखळत हलायला लागला. ते मी निस्तरलं. रंगाने मात्र घाम काढला. लग्नात आई फोकसच्या उजेडात पिवळट, बारशात लालसर. बाई एकच, पण दोघी बहिणी वाटाव्यात. मी दोघींना मधोमध आणलं आणि हाताच्या सवयीने जरा उजळलं. झकास जमलं, असं माझं मत होतं.

रविवारी दोघं बघायला आले. मुलीचे डोळे भरले. वडिलांनी फिल्म परत लावायला सांगितली.

"भाऊ, राग मानू नका," ते शेवटी म्हणाले. "चांगलं केलंय. पण ही ती न्हाई."

"मग कशा होत्या त्या?" मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"सावळी. चांगली सावळी."

त्यांना शेजारी बसवून मी रंग उतरवत गेलो. "अजून," ते म्हणत. "अजून थोडं." मग गडबडले. "आता जास्त झालं का? कळंना झालंय मला." बायकोचा रंग आपण विसरलो, याने त्यांचा चेहराच पडला. मला फार वाईट वाटलं. फणकारा कुठल्या कुठे गेला.

इतक्यात त्यांनी मागे वळून मुलीकडे पाहिलं. "घ्या! काखेत कळसा अन् गावाला वळसा. हिच्याकडं बघून करा की!"

मुलीने खुर्ची ओढली आणि स्क्रीनच्या बाजूला चेहरा आणून बसली. तिच्या गालाकडे बघत मी दोन्ही कॅसेट जुळवल्या. हळूहळू दोघींची एक बाई झाली.

"ही," वडील म्हणाले. "हीच."

"मला कधी सांगितलं नाहीत, बाबा."

"लोक तुला रंगावरून बोलायचे. मग मी आणि कशाला काढू तो विषय, म्हणून गप बसलो."

ती पडद्याकडे वळली. पाळणा आता सरळ हलत होता. मी पुढचा भाग लावला, तिचं प्री-वेडिंग, तिच्याच सांगण्यावरून चांगलं उजळलेलं.

"दादा, हे उजळलेलं काढा," ती म्हणाली. "हिला आईच्या रंगाला जुळवा."