लाल म्हणजे रिजेक्ट

भय्याजी गजभियेंच्या घरी आलेल्या हवालदारानं चहाचा पहिला घोट घेतला, वेलदोड्याची तारीफ केली, सहज मान वळवून स्वयंपाकघराच्या ओट्याकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातली कपबशी सुटून फरशीवर फुटली. फुटलेल्या कपाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. ओट्यापाशी भय्याजींच्या पत्नी कमलाबाई दुसऱ्या चहासाठी वेलदोडा कुटत होत्या, आणि त्यांच्या मुठीत रायफलची गोळी होती. सपाट बूड खाली, टोक वर.

"दाई," हवालदार आपल्या छत्तीसगढी बोलीत अगदी हळू म्हणाला, "ओला... उसको... धीरे से... नीचे रख दे."

कमलाबाईंना वाटलं, वेलदोडा जास्त झाला.

"पुरे का जी? मंग एकच घालतो," म्हणत त्यांनी शेवटचा एक ठोका दिला. ठक्.

हवालदार सोफ्यामागे बसलेला होता. तिथं तो कधी पोचला हे कोणालाच कळलं नाही.

हे सगळं समजायचं तर आधी भय्याजी समजले पाहिजेत, आणि त्याला फार वेळ लागत नाही. भंडारा जिल्ह्यातून आलेल्या बापाचा हा मुलगा भिलाईच्या पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं तपासणीला होता. एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, एका हातात लाल. माल नीट असेल तर पांढरा ठिपका, नसेल तर लाल पट्टा. पांढरा पुढे जायचा, लाल भंगारात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, सेक्टर दोनचं क्वार्टर लीजवर घेतलं, पण ब्रश काही हातातून सुटला नाही. बाजारात कोहळ्यावर टिचकी मारून ते मनातल्या मनात ठिपका देत. लग्नात जेवायला गेले की नवरदेवाकडे अशा नजरेनं बघत की त्याचा बाप उगाच घाम पुसायचा.

गोळ्यांचा नाद त्यांना नोकरीत असतानाच, भिलाईला लागून असलेल्या हथखोजला लागला. तिथं बबलू कबाडीच्या भंगाराच्या आवारात पितळेच्या ढिगात त्यांना एक रिकामं काडतूस सापडलं. बुडाशी बारीक अक्षरं होती: के, मधे बाण, मग एफ, आणि त्रेचाळीस. म्हणजे खडकीचा कारखाना, साल एकोणीसशे त्रेचाळीस. भय्याजींना भरून आलं. आपल्या मालावर आपला शिक्का आणि साल ठोकणारा माणूस त्यांना सख्ख्या भावासारखा वाटला. तेव्हापासून भिंग घेऊन ते दर आठवड्याला हथखोजला जात. बबलू म्हणायचा, "भय्याजी, लोग सोना ढूँढते हैं, आप पीतल की पेंदी!" पण चांगलं काडतूस दिसलं की तोच डब्यात बाजूला काढून ठेवायचा. अशी थ्री नॉट थ्री रायफलची चौसष्ट रिकामी काडतुसं समोरच्या खोलीत काचेच्या कपाटात उभी होती. घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी, मग काडतुसं, मग चहा. काही पाहुणे पाण्यावरच परत जायचे.

नियम एकच: फक्त रिकामी घ्यायची. भरलेल्या गोळीला हात लावायचा नाही. पण एकदा बबलूकडे आलेल्या भरलेल्या गोळीच्या बुडाशी, जिच्यावर घाव बसला की गोळी सुटते त्या मधल्या टिकलीभोवती, लाल रंगाची बारीक गोल रेघ होती. भय्याजींचा चेहरा उजळला. लाल! म्हणजे रिजेक्ट. ज्यानं बनवली त्यानंच नापास केली, मेलेला माल. कपाटात रिजेक्ट माल ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसेना, म्हणून ती इकडेतिकडे पडून होती. कमलाबाईंनी उचलली. "बूड किती सपाट आहे पाहा. वेलदोडे कुटायले मस्त." त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

हवालदाराचं नाव रोशन साहू. तो गोळ्या शोधायला आलेलाच नव्हता. भय्याजींची धाकटी मुलगी संघमित्रा रेल्वेत टेक्निशियन म्हणून निवडली गेली होती, चार वर्षांच्या अभ्यासानंतर, तिसऱ्या प्रयत्नात. पोलिसांचा अहवाल तेवढा गेला की नेमणूक. कुटुंब कसं आहे, घरात काही भानगड आहे का, एवढं पाहून सही करायची, म्हणून रोशन आला होता. आणि दुर्दैव असं, की याआधी दोन वर्षं तो पोलिसांच्या शस्त्रागारात होता.

सोफ्यामागून बाहेर येऊन त्यानं गोळी दोन बोटांत उचलली, उलटी केली आणि तिचं बूड भय्याजींपुढे धरलं.

"कका, लाल घेरा है इसमें."

"तेच तर!" भय्याजी म्हणाले. "लाल म्हणजे रिजेक्ट."

"लाल मतलब ट्रेसर, कका. जिंदा है. ये तो जलते हुए जाती है, रात में निशाना दिखाने के लिए. और दाई इसे टिकली की तरफ से..." पुढचं वाक्य त्याला पूर्ण करता आलं नाही. त्यानं फक्त ओट्याकडे, मग शेजारच्या गॅसच्या टाकीकडे बोट केलं.

कमलाबाई मटकन पाटावर बसल्या. भय्याजी उभेच होते. गोळी जिवंत आहे हे त्यांना कळलं होतं, पण त्याआधीचं कळत नव्हतं. लाल रंगाचा दुसराही अर्थ असू शकतो? एकतीस वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं.

"अकरा वर्षं!" संघमित्रा ओरडली. "आई, तुमी लोकं पागल हो क्या? मी याच ओट्यावर अभ्यास करून राहिली होती!"

"मले काय मालूम?" कमलाबाई रडवेल्या झाल्या. "तुया बाबानं पास केलं होतं."

"पास नाई, रिजेक्ट केलं होतं," भय्याजी पुटपुटले.

रोशननं अंगणातल्या वाळूची बादली मागवली, गोळी तीत रुतवली आणि मग तो खुर्चीवर बसला. फॉर्म मांडीवर होता. लायसन नसताना जिवंत गोळी बाळगणं म्हणजे गुन्हा, आणि त्यात हे छत्तीसगढ, नक्षलवाद्यांचा मुलूख. "इहाँ गोली मिलथे, त पहिली पूछते हैं, कौन से जंगल से आई." तो संघमित्राकडे बघत म्हणाला.

"गोळी माही आहे," कमलाबाई ताडकन उठल्या. "सैपाकघरातली हाये. माहं नाव लिहा. पोरीच्या कागदावर काई नोका लिहू."

रोशननं डोकं खाजवलं. माणूस भला होता, शिवाय त्यानं त्या चहाचा घोट घेतला होता. तो म्हणाला, "कबाड़ में मिली, पता चलते ही खुद जमा कर दी, ऐसा लिखूँगा. थानेदार साहब मान जाएँगे. बिटिया के कागज में बात नहीं आएगी." पेनाचं टोपण काढून त्यानं विचारलं, "एक ही है ना, कका?"

संघमित्रानं श्वास सोडला. कमलाबाईंनी हात जोडले. आणि भय्याजी त्या उघड्या पेनाकडे बघत राहिले.

एक नव्हती. बबलूच्या त्या ढिगात लाल रेघेच्या दोन निघाल्या होत्या. दुसरी त्यांनी भिलाईतच रुआबांध्याला राहणाऱ्या आपल्या मित्राला, अच्युतराव मोहरीलांना, साठीनिमित्त भेट दिली होती. अच्युतराव मूळ दुर्गचे, शाळेतून निवृत्त झालेले लेखनिक, एकटेच राहणारे. ती गोळी त्यांनी देवघरात ठेवली होती. समईची वात पुढे सारायला तिचं टोक छान उपयोगी पडतं, असं ते भय्याजींना कौतुकानं सांगत. रोज संध्याकाळी. पेटत्या वातीत.

एक सापडली ही चूक. दुसरी लोकांना भेट दिली, याला काय म्हणायचं? हे कागदावर आलं की पोरीचं काय? 'एकच' हा शब्द जिभेवर तयार होता. भय्याजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात वाजायला दहा मिनिटं कमी होती.

"अजून एक आहे, अच्युतरावांकडं," ते म्हणाले. "आन् आता, ह्या टायमाले, ती दिव्यापाशी असन."

संघमित्राचा चेहरा पांढरा पडला, पण पहिली उठली तीच. तिनं अच्युतरावांना फोन लावला; पूजेच्या वेळी ते फोन बंद ठेवत. मग रोशनच्या मोटरसायकलवर मागे भय्याजी, आणि संघमित्रा आपल्या स्कूटीवर, अशी ती वरात रुआबांध्याकडे सुटली. वाटेत रोशननं दोन सिग्नल तोडले आणि दोन्ही वेळा स्वतःलाच शिवी दिली.

दार उघडंच होतं. आत अच्युतराव सोवळं नेसून समईसमोर वाकले होते. चिमटीत गोळी, टोक वातीत, तोंडात शुभं करोति.

"अच्युतराव!" भय्याजींचा आवाज फाटला. "हलू नका!"

"दोन वाती राहिल्यात," अच्युतराव न वळता म्हणाले. "बसा."

संघमित्रानं मागून जाऊन त्यांचं मनगट धरलं आणि अलगद मागे घेतलं. रोशननं गोळी काढून घेतली. ती चांगलीच तापली होती. "गरम है," म्हणत तो वाळू शोधायला लागला. घरात कुठं वाळू मिळेना, म्हणून शेवटी तुळशीच्या कुंडीत गोळी रोवली.

सगळं ऐकल्यावर अच्युतराव पाटावर बसले. मग ते म्हणाले, "पण भय्याजी, तुम्हीच म्हणाला होतात ना, नापास आहे म्हणून?"

"मीच नापास झालो, अच्युतराव," भय्याजी म्हणाले. अच्युतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बसायला दुसरा पाट पुढे सारला.

रात्रीपर्यंत दुर्गहून पोलिसांचं स्फोटकं हाताळणारं पथक आलं आणि दोन्ही गोळ्या घेऊन गेलं. कपाटातली चौसष्ट त्यांनी एकेक तपासली. सगळी रिकामी. थानेदारानं भय्याजींना अर्धा तास असं झापलं की बाहेर बसलेले चोर सरळ झाले; पण त्यांनी स्वतः सांगितलं, स्वतः जमा केलं, म्हणून गुन्हा नोंदला नाही. मात्र दोन घरांतल्या दोन गोळ्या रोशनला झाकता आल्या नाहीत. संघमित्राच्या अहवालात सहा ओळींचा शेरा गेला, आणि त्यात भय्याजींचं पूर्ण नाव दोनदा होतं.

पुढचे सतरा दिवस घरातले सगळे रेल्वेच्या कागदाची वाट बघत राहिले. अठराव्या दिवशी रेल्वेच्या ऑफिसातून बोलावणं आलं. भय्याजी बाहेर फुटपाथवर थांबले. आत साहेबांनी तो शेरा दोनदा वाचला आणि संघमित्राला विचारलं, "पहली तो दिख गई थी. दूसरी का किसी को पता नहीं था. फिर पिताजी ने बताई क्यों? तुम्हारी नौकरी का सवाल था."

"सर, वहाँ दिया जल रहा था," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि सही केली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून भय्याजींना काही कळेना. ते पुढे झाले. "काय झालं?"

"झालं बाबा. सोमवारी, सकाळी आठला रुजू."

 चांगल्या धुतलेल्या पँटीनिशी भय्याजी धुळीत फुटपाथवरच बसले.

"बाबा! काय झालं तुमाले?"

"काई नाई," ते म्हणाले. "तू जाय, स्कूटी आण. बसून राहिलो जरा."