सुलतान डब्यातलं खात नाही

“मॅडम, हा गाई-म्हशींचा दवाखाना आहे. तो बोका टेबलावरून खाली घ्या.”

दवाखान्याचे मुख्य डॉक्टर, आमचे साहेब, दारात उभे होते. टेबलावर सुलतान नावाचा पिवळा बोका आडवा पडून कण्हत होता. पोट दगडासारखं. दीड दिवस त्याला लघवी झाली नव्हती.

“मोकळा झाला की घेते, सर,” मी म्हणाले आणि कामाला लागले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी इंदापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नवी डॉक्टर होते. माहेर कन्हेरीचं, आजोबांची मेंढरं होती. साहेबांच्या मते बाईमाणसानं रजिस्टर लिहावं, जनावर पुरुषांनी धरावं. ते मला पटलं नाही, आणि मी ते लपवलंही नाही.

बोक्याची लघवीची वाट फार बारीक असते. वाळूसारखे कण साचले की बूच बसतं. ते काढलं नाही तर दोन-तीन दिवसांत जनावर जातं. बोक्याच्या मापाची नळी आमच्याकडं कुठली असणार? सलाईन लावायची सगळ्यांत बारीक सुई घेतली. आतली सुई काढून टाकली, वरची प्लास्टिकची नळी ठेवली. गुंगीचं इंजेक्शन देऊन तीच सरकवली. तिसऱ्या खेपेला बूच सुटलं.

सुलतानची मालकीण कुसुमताई. बारा वर्षं मस्कतला नर्स होत्या, म्हणून गावात सगळे त्यांना सिस्टर म्हणत. नोकरी सोडून म्हाताऱ्या वडिलांकडं परत आल्या, तेव्हा बोका बरोबर आणला. त्याचे कोरडे दाणे, म्हणजे ड्राय फूड, मस्कतहून येणाऱ्या मैत्रिणी पोचवत.

“पाणी किती पितो?” मी विचारलं.

“जवळजवळ पीतच नाही.”

“मग दाणे बंद करायचे. डब्यातलं ओलं खाणं द्यायचं.”

मांजराला तहान कमी. त्याला पाणी खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि दाण्यात पाणी नसतंच. लघवी घट्ट होते, पुन्हा बूच बसतं.

सिस्टर हसल्या. “मस्कतला डबा उघडून बघितलाय मी. वाटीवर पंजानं माती ओढल्यासारखं करतो. जणू घाण झाकतोय.”

साहेब मागून म्हणाले, “दोन दिवस उपाशी ठेवा. झक मारत खाईल.”

“मांजर उपाशी राहिलं तर लिव्हर जातं, सर. त्यात हा साडेसहा किलोचा.”

“एका मांजरासाठी एवढी उठाठेव! मरणार आहे ते, लिहून देतो.”

“द्या लिहून,” मी म्हणाले. आवाज जरा चढलाच.

पुण्यातल्या मैत्रिणीनं कॅम्पातल्या दुकानातून डबे घेतले आणि सोलापूरच्या एसटीनं पाठवले. मी सिस्टरना पद्धत सांगितली. दिवसभर भरलेली वाटी उचलायची. सकाळ-संध्याकाळ अर्धा तासच खाणं ठेवायचं. दाणे रोज थोडे कमी, शेजारी चमचाभर ओलं, त्यावर दाण्यांचा चुरा. ड्युटीआधी मी रोज जाऊन सुलतानला पिशवीत घालून ताणकाट्यावर तोलायचे.

सहा दिवस झाले. ओल्याला त्यानं तोंड लावलं नाही. दाणे तर निम्म्यावर आणलेले. तरी वजन तसूभर उतरेना. माझं डोकं चालेना.

सातव्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. ओसरीवर सिस्टरचे वडील बसले होते. आबा सगळ्यांचे. तरुणपणी मेंढरांमागं कोकणापर्यंत गेलेला माणूस. त्यांच्या बंडीच्या खिशात सुलतानचं डोकं होतं.

“आबा! तुमी देताय व्हय दाणं?” मी ओरडले.

“देतोय. मुकं जनावर हाय, दिसभर माझ्या तोंडाकडं बघतंय. तुमी दोघी शिकलेल्या, तुमाला न्हाय दिसायचं.”

आवाज ऐकून सिस्टर बाहेर धावल्या, रडकुंडीला आल्या. “आबा, तो मरंल अशानं!”

मलाही राग आला होता. पण भांडले असते तर आबांनी खिसा बदलला असता, सवय नाही. मी शेजारी बसले.

“आबा, आई नसलेलं कोकरू बाटली घेत नसलं की काय करायचं?”

“बाटली कशाला दाखवायची? पयलं बोटाला दूध लावायचं. व्हटाला चोळायचं. चव कळाय पायजे त्याला.” बोलता बोलता ते थांबले. मग हात पुढं केला. “आण गं तो डबा. गार हाय का? गरम पाण्यात ठिव जरा.”

कोमट झालेलं खाणं त्यांनी बोटावर घेतलं आणि सुलतानच्या ओठाला लावलं. त्यानं मान झटकली. ओठ चाटला. मग पुन्हा चाटला. आबांनी दुसरं बोट भरलं. त्या सकाळी चमचाभर गेलं. सोळाव्या दिवशी सुलतान वाटीतून एकटा खात होता, आणि दाण्यांचं पोतं सिस्टरनी कोंबड्यांना टाकलं.

महिनाअखेरीस साहेबांनी रजिस्टर उघडलं. “मांजराची नोंद कशी? खोडा.”

“खोडणार नाही, सर. बाहेर जनावरांचा दवाखाना अशी पाटी आहे. किती लिटर दूध देणाऱ्या जनावरांचा, ते लिहिलेलं नाही.”

मला मेमो मिळाला. मी दोन पानी लेखी उत्तर दिलं, उपचारासकट. पुढं त्याचं काही आलं नाही. नोंद राहिली. सुलतान आणखी सात वर्षं जगला, आणि त्याला पुन्हा कधी बूच बसलं नाही.

खाण्याची सवय मोडायची तर आधी घरात कोण चोरून देतंय ते शोधावं, आणि सापडलं की त्याच्याच हातात वाटी द्यावी. हट्टी मांजर सोळा दिवसांत बदलतं. हट्टी साहेबाला किती दिवस लागतात, हे मला रिटायर होईपर्यंत कळलं नाही.