दुखी डॉक्टर

आमच्या भागात त्यांना सगळे ‘दुखी डॉक्टर’ म्हणत. परगावच्या माणसाला वाटे, बिचाऱ्याच्या घरी काही वाईट घडलं असेल. तसं काही नव्हतं. विनायकराव पोट धरधरून हसणारे गृहस्थ होते. पण गळू फोडण्याआधी ते लहान पोरालासुद्धा अहिराणीत बजावत, “दुखी हां!” म्हणजे, दुखेल. पुण्याकडच्या या माणसानं शिकलेली पहिली अहिराणी ती, आणि तीच त्यांना चिकटली. खोटा धीर त्यांनी कधी कुणाला दिला नाही. मला मेलीला त्याचाच राग यायचा.

शहाद्याजवळच्या गुजर घरात मी नवी सून होते. सासऱ्यांची थोरली बहीण, आमची फुई, आमच्याकडेच असे. तिच्या छातीतला कर्करोग पाठीच्या मणक्यात उतरला होता. आडवं पडलं की जीवघेणी कळ उठे, म्हणून भिंतीशी बसूनच ती रात्र काढी. त्यातच मानमोडीची साथ आली. चांगली तरणीताठी माणसं तापानं पटापट जाऊ लागली. अशात डॉक्टर म्हणाले, “हिला मुंबईला न्या. तिथं किरणांचा शेक देतात.”

“साथ तर सरू द्या,” सासरे म्हणाले.

“तोवर हिनं बसूनच राहायचं का?”

सासऱ्यांचा नाइलाज झाला. फुईला ते म्हणाले, “मुंबईले चाल, बाई. पुरी बरी व्हशी.”

डॉक्टर तिथल्या तिथे कडाडले, “नही! फुई, तू बरी व्हनार नही. पन तुले बरं वाटी.”

आता कसली जाते ही! फुई मात्र शांतपणे म्हणाली, “पाठ टेकता येई?”

“बहुतेक येई.”

“मंग चाला. हाऊ पहिला मानूस शे, जो मन्हासंगे खरं बोलना.”

तोंडाला फडकी बांधून सासरे तिला नंदुरबारहून आगगाडीनं घेऊन गेले. डॉक्टर इकडे गावोगाव तापाच्या रोग्यांमागे धावत राहिले. फुई परतली आणि हळूहळू पाठ टेकू लागली. पुढची आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, पाहून, झोके घेणाऱ्या माहेरवाशिणींना चार गाणी सांगून मगच ती गेली.

पण मला आठवते ती साथ ओसरतानाची एक दुपार. डॉक्टर तिला बघायला आले, पाठ चाचपली, खूश झाले आणि बोलता बोलता बसल्या जागी पेंगू लागले. फुईनं त्यांना हाताला धरून आपल्या खाटेवर निजवलं. मी भांडी आपटली तशी झोपलेल्या डॉक्टरांकडे बोट करून माझ्यावर डाफरली, “गप ऱ्हाय वं! डॉक्टर निजी ऱ्हायना.”

आणि खाली चटई टाकून स्वतः उताणी पडली.