जाळीवरचा पेला

माझ्या काकांना टोकरखाड्यातली सगळी कॉलनी ‘सर्वधर्मकाका’ म्हणायची. विषय मटारच्या भावाचा असो की कुणाच्या बदलीचा, काका हा हा म्हणता धर्मावर येत आणि समोरच्याचा चहा गार होई. “नावं निराळी गो, आतला देव एकच,” हे त्यांचं पालुपद. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायचे, त्यामुळे माझा चहा कायमच गार.

काका मसाटच्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामावर होते. सकाळी न्यायला कंपनीची गाडी यायची. गाडी चालवणारे सुनीलभाऊ धुळ्याकडचे, बौद्ध. वाटेत काका त्यांनाही शिकवत. “बुद्ध म्हणजे विष्णूचाच नववा अवतार. तू नि मी वेगळे कुठे?” सुनीलभाऊ गिअर बदलत म्हणत, “आम्ही नाही मानत तसं, काका.” काकांना तो त्यांचा विनय वाटे.

या सुनीलभाऊंचा चहा मात्र व्हरांड्यात, वेगळ्या पेल्यात. तो पेला तिथल्याच नळाशेजारच्या जाळीवर उपडा असायचा, घरातल्या भांड्यांत कधी आला नाही. आधीचा ड्रायव्हर आत बसून कपातून प्यायचा. काकूंनी सासूची पद्धत चालवली, काकांचं कधी लक्ष गेलं नाही आणि मी रोज त्याच पेल्यात चहा ओतला.

एकदा गणपतीत काकांनी कारखान्यात आलेल्या जपानी इंजिनिअरला घरी आणलं. साहेबांनी गाडीतच सांगितलं होतं, की त्यांच्या घरी पूर्वजांसाठी बुद्धाचा देव्हारा आहे आणि वेगळ्या फळीवर शिंतो धर्माचे ‘कामी’, म्हणजे डोंगरातले, पाण्यातले, झाडातले देव. काका दारातूनच काकूंना ते सांगत म्हणाले, “ऐकलंस? दोन्ही एका घरात.”

साहेब बूट काढून नळाशी थांबले. जाळीवरचा पेला उचलून त्यांनी आधी डावा हात धुतला, मग उजवा, मग ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरली. पेला जागेवर ठेवून इंग्रजीत म्हणाले, “आमच्या देवळांबाहेरही असाच एक पळा असतो. शुद्ध होऊन आत जायला. तुमच्याकडेही आहे, छान वाटलं.”

काकांनी आधी पेल्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या सुनीलभाऊंकडे. काकूंनी पदर तोंडाला लावला. साहेब हसत उत्तराची वाट बघत होते. शेवटी मागून सुनीलभाऊच म्हणाले, “येस सर. सेम.” आमची लाज त्यांनी झाकली.

दुसऱ्या दिवशी काकांनी तो पेला घासून आत नेला आणि स्वतः त्यातून चहा प्यायला लागले. सुनीलभाऊंना रोज आत बोलावत. “राहू द्या ना काका, गाडीत एसी चालू हाय,” हे कारण ते थंडीतही सांगत. काका सामरवरणीला त्यांच्या घरी जाऊन आले. तिथे त्यांना घरातल्यांसारख्याच कपात चहा मिळाला. “काही बोलला नाही गो. बोलला असता तर बरं झालं असतं,” घरी येऊन म्हणाले. त्यानंतर काका धर्मावर कधी बोलले नाहीत.

गेल्या वर्षी काका गेले. सुनीलभाऊ भेटायला आले, तेव्हा काकूंनी त्यांना हाताला धरून आत बसवलं. मी कपातून चहा आणला. कप पुढे केला, तर त्यांची नजर आधी दारातून त्या जाळीकडे गेली. जाळी कधीची रिकामी होती. मग त्यांनी कप घेतला.