बाळंतिणीचा एसी

तर झालं असं की ताईचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं, लातूरला, होणार होतं आणि आमच्याकडं पाणी न्हवतं. म्हणजे प्यायला होतं, रेल्वेनं पाणी आलं तोच उन्हाळा. पण कूलरला न्हवतं. आमचा पत्र्याचा कूलर लातूर जिल्हा झाला तवाचा. घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त पाणी तो एकटा प्यायचा.

ताईचं सासर नांदेडला. तिथं नळाला पाणी, बेडरूममधी एसी. तिच्या सासूबाई फोनवर लई गोडीत म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्याकडं पाण्याचे हाल, राहू द्या की तिला इथंच." आईनं फोन ठेवला आणि बाबांकडं बघितलं. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी न्हाई झालं तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं, एवढं सगळं त्या बघण्यात होतं.

बाबा साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होते. एसीच्या दुकानदारानं विचारलं, "काका, किती टनाचा देऊ? दीड?"

"हलक्यातला हलका द्या," बाबा म्हणाले. "भिंत जुनी हाय."

"टन म्हणजे वजन न्हाई काका, गारवा."

"गारवा टनावर इकता व्हय तुमी?"

"हाव," दुकानदार म्हणाला.

एसी छत्तीस हजाराचा. मला वाटलं, झालं. मग स्टॅबिलायझर. मग वायरमन म्हणाला, ही वायर एवढा लोड घेत न्हाई, मग घरभर नवी वायर. मग बाहेरच्या मशीनला लोखंडी अँगल. जुना कूलर भंगारवाल्यानं तीनशेला नेला, तेही आम्हीच उचलून गाड्यावर ठेवायच्या बोलीवर. बाबा नवी मोटारसायकल घेणार होते. आता ती भिंतीवर टांगलीय, असं ते पाहुण्यांना सांगायचे.

ताई आली, एसीखाली गाढ झोपली. आई नांदेडला फोन करून सांगायची, "खोलीत स्वेटर घालावा वाटतो बघा."

मग ताईला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्या आल्या आईनं पहिलं काम काय केलं, तर एसीचा रिमोट कपाटात कुलूप लावून ठेवला. बाळंतिणीला गार वारं चालत न्हाई. बाजेखाली कोळशाची शेगडी, वर ओव्याची धुरी, ताईच्या कानाला स्कार्फ. बाहेर मे महिना.

"आई, मी नांदेडला चालले," ताई म्हणाली.

"सव्वा महिना व्हायच्या आत?"

"आत्ता. गाडी बोलव."

बाबा पेपर खाली न घेता म्हणाले, "एसी बी घेऊन जा मग. अँगल राहू दे."

शेवटी तह झाला. एसी पायाकडून, शेगडी पाठीकडून, आणि धूर कोंडू नये म्हणून दार सताड उघडं. लाइट बिल आलं तेव्हा बाबा नुसतं "हं" म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर गेले.

बारशाला सासूबाई आल्या. ताईच्या खोलीत बसल्या, वर बघितलं, खाली बघितलं. "हे काय? एसी बी आन शेगडी बी?"

"आमच्यात असंच करतात," आई म्हणाली.

सासूबाईंनी पदरानं घाम पुसला, आणि मग तोच पदर अंगभर ओढून घेतला.